घरात गांडुळं पाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांडुळांचा टब, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं गांडुळांकडून खत करून घ्यायचा डबा, सुरू केला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना साधारण तेच ते प्रश्न पडतात, मलाही पडले होते. आता इतकी वर्षं टब सांभाळल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय की यातले निम्म्याहून जास्त प्रश्न जास्त खाणं टाकल्यामुळे तयार होतात. वास, चिलटं, पळून जाणारी गांडुळं, खाली साचलेलं पाणी, सगळ्याचं मूळ बहुतेक तिथेच निघतं. म्हणून खालचं कुठलंही उत्तर वाचायच्या आधी टबात आत्ता न खाल्लेलं किती पडलंय ते एकदा हात घालून बघून या.

बागेत खणताना निघतात ती गांडुळं टबात टाकली तर चालतील का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याला सगळी गांडुळं सारखीच वाटतात पण त्यांच्या राहणीत फार फरक असतो. मार्सेल बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचे तीन गट पाडले. काही गांडुळं जमिनीच्या वर, पालापाचोळ्यात आणि शेणात राहतात, काही वरच्या मातीत आडवी बिळं करत माती खात फिरतात, आणि काही सरळ खाली खोल बीळ करून राहतात आणि रात्री वर येऊन पानं आत ओढून नेतात. आपल्याला लागतो तो पहिला गट, त्यांना दाटीवाटीची आणि सडतं खायची सवय असते. खणताना निघतं ते बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गटातलं असतं आणि फूटभर खोलीच्या टबात त्याचा जीव रमत नाही, आठवडाभरात मरतं किंवा निघून जातं. त्याला तिथेच मातीत राहू द्या, तिथे त्याचं काम आहेच.

मग कुठली जात घ्यायची?

पहिल्यांदाच करत असाल तर आयसेनिया फेटिडा. लालसर, अंगावर फिकट-गडद पट्टे, यालाच रेड विगलर म्हणतात. थंडी-गरमी बऱ्यापैकी सोसतं, चुका माफ करतं, पटापट वाढतं. युड्रिलस युजेनी हे अंगाने मोठं, जांभळट चमक असलेलं, खातं भरपूर पण थंडी अजिबात सहन होत नाही. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस बारीक आणि भलतंच चपळ, त्याला वातावरणातला जरासा बदल आवडला नाही तरी ते टब सोडून चालायला लागतं, त्यामुळे नवख्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत.

फेटिडाला हात लावताना एक गोष्ट दिसेल. तळहातावर घेऊन जरा जास्त वेळ चाळवलं की त्याच्या अंगातून पिवळट, चिकट थेंब येतो आणि त्याला उग्र वास असतो. फेटिडा या लॅटिन शब्दाचा अर्थच घाण वास येणारं. तो थेंब दिसला की समजायचं ते घाबरलंय, परत टबात ठेवून द्यायचं.

सुरुवातीला किती लागतात?

पाव किलो पुरेत, अर्धा किलो असतील तर छानच. अर्धा किलो म्हणजे ढोबळमानाने हजारभर मोठी गांडुळं धरा. शंभर-दीडशे गांडुळांवर सुरू केलं तरी चालतं, फक्त पहिले चार-पाच महिने खाणं अगदी मोजून द्यावं लागेल. आणि कुणाच्या चालू टबातलं दोन ओंजळी खत गांडुळांसकट मिळालं तर मी तेच घेईन, कारण त्यात कोष म्हणजे त्यांच्या अंड्यांच्या पुड्या असतात, पिल्लं असतात, त्यांचे ओळखीचे जिवाणू असतात, नुसती निवडून काढलेली गांडुळं नव्या जागी जास्त बावरतात.

टब कसला घ्यायचा, तयार किट घ्यावं का?

किट नसलं तरी काही अडत नाही. प्लास्टिकचा अपारदर्शक टब, लाकडी खोकं, मातीची मोठी रुंद कुंडी, जाड कापडी पिशवी, सगळ्यात गांडुळं राहतात. खोलीपेक्षा पसरटपणा महत्त्वाचा कारण ही गांडुळं वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच जेवतात. साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३० खोल असा टब दोन-तीन माणसांच्या घराला सुरुवातीला ठीक. पारदर्शक असेल तर बाहेरून काळा कागद लावा.

भोकं मात्र नीट पाडा. तळाला ५-६ मिलिमीटरची पंधरा-वीस, बाजूंना वरच्या अंगाला ३ मिलिमीटरची चांगली तीस-चाळीस, आणि तळाच्या भोकांवर आतून बारीक जाळीचा तुकडा. टब चार विटांवर उचलून ठेवायचा आणि खाली ताट. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, लाकूड आणि कापड श्वास घेतं पण लवकर सुकतं, त्यामुळे प्लास्टिकवाल्यांनी पाणी जवळपास घालूच नये आणि कापडी पिशवीवाल्यांनी दर दोन-तीन दिवसांनी बघावं. रंग लावलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड घेऊ नका.

बेडिंग म्हणजे नक्की काय आणि ते इतकं महत्त्वाचं का?

बेडिंग म्हणजे गांडुळांचं अंथरूण, पण ते अंथरूणही आहे, घरही आहे आणि हळूहळू खाल्लं जाणारं अन्नही आहे. यात सगळ्यात जास्त मन लावा, बाकी सगळं आपोआप सोपं होतं.

मी वापरते ते असं, निम्म्याहून जास्त फाडलेला पन्हाळीदार पुठ्ठा, म्हणजे पार्सलच्या खोक्याचा, त्यावरची चिकटपट्टी आणि स्टिकर काढून, थोडा वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा चुरा, वाळलेली पानं, आणि मिळालं तर दोन-तीन मुठी जुनं कुजलेलं शेणखत. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो पण आधी एक-दोनदा धुवून घ्या, काहीत मीठ असतं आणि मीठ गांडुळांच्या कातडीला झोंबतं. चकचकीत मासिकाचा कागद नको. ताजं शेण तर अजिबात नको, ते तापतं. शेण ज्या जनावराचं आहे त्याला नुकतंच जंतावरचं औषध दिलंय का हे विचारून घ्या, आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडतं आणि ते गांडुळांनाही बाधतं.

हे सगळं रात्रभर पाण्यात भिजवायचं आणि सकाळी मुठीत धरून घट्ट पिळायचं. दोन-तीन थेंब गळले तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त झालं, काहीच गळलं नाही तर कोरडं आहे. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीतून श्वास घेतं, कातडी ओली असेल तरच ऑक्सिजन आत जातो, म्हणून कोरडं पडलं की गुदमरतं, आणि पाणी तुंबून हवा संपली की तेव्हाही गुदमरतं. पिळलेल्या स्पंजसारखी ओल एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

टब १५-२० सेंटिमीटर भरा, वर मूठभर साधी बागेतली माती भुरभुरा, त्यातली रेती त्यांना लागते, गांडुळाला दात नसतात, त्याच्या पोटातली पेषणी बारीक खड्यांच्या मदतीने अन्न दळते. आणि मग आठवडाभर टब गांडुळांशिवायच ठेवा, फक्त ओंजळभर भाजीची सालं आत पुरून. तेवढ्यात जिवाणू-बुरशी कामाला लागतात. गांडुळं खरं तर साल तशीच खात नाहीत, त्या सालीवर वाढलेले सूक्ष्मजीव आणि मऊ पडलेला लगदा खातात.

पहिल्याच रात्री सगळी झाकणावर चढून बसली, काही बाहेर जमिनीवर वाळून पडली, काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. प्रवासात हलली, नवा वास, नवं अंथरूण, आणि ती घाबरून वाट शोधतात. पहिले तीन-चार दिवस टबाच्या वर एक दिवा चालू ठेवा आणि झाकण थोडं उघडं ठेवा, उजेड त्यांना नको असतो, ती खाली जातात. त्या दिवसांत खायला देऊ नका, उकरून बघू नका, नुसतं राहू द्या.

आठवड्यानंतरही पळत असतील तर मात्र आत काहीतरी बिघडलंय. हात घालून बघा, गरम लागतंय का, आंबट वास येतोय का, चिखल झालाय का. हवा कोंदट झाली की किंवा पावसाआधी थोडी झाकणाकडे येतात, ते वेगळं, तेवढ्याने घाबरू नका.

काय काय खायला घालता येतं?

भाज्यांची सालं-देठं, फळांची सालं, वापरलेली चहा-कॉफीची पूड, शिळा भात-पाव अगदी थोडा, वाळलेली फुलं, मऊ पडलेली काकडी, भोपळा. भोपळा, टरबूज आणि केळ्याच्या सालीवर ती अक्षरशः गोळा होतात, दुसऱ्या दिवशी साल उचललीत तर खालच्या बाजूला पाच-पन्नास गांडुळं एकमेकांत गुंतलेली दिसतील. अंड्याची टरफलं धुवून, वाळवून, मिक्सरमध्ये पीठ करून दोन आठवड्यांतून एकदा चमचा-दोन चमचे टाका, पेषणीला खडे मिळतात आणि टब आंबट होत नाही. नुसती हाताने चुरडलेली टरफलं वर्षभर तशीच राहतात.

चहाच्या पिशव्या फोडून फक्त आतली पूड टाका, बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिक असतं. फळावरचे स्टिकर काढा, नाहीतर खतात तेवढे एकच ओळखू येतात.

काय टाळायचं?

मांस, मासे, दूध-दही, तेलकट, खारट, मसालेदार शिजवलेलं काहीही नको. लोणच्याची फोड तर नकोच. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांदा-लसूण थोडी पडली तर आभाळ कोसळत नाही पण मुठीने टाकू नका. कुत्र्या-मांजरांची विष्ठा नको, त्यात रोगजंतू असतात आणि हे खत तापत नसल्यामुळे ते मरतीलच असं नाही.

रोज द्यायचं का, किती द्यायचं?

पुस्तकी हिशोब असा की सगळं मनासारखं असेल तर गांडुळं दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खातात. हा आकडा वाचून लोक पहिल्याच आठवड्यात अर्धा किलो गांडुळांना रोज पाव किलो कचरा द्यायला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात टब नासतो. तो आकडा जमलेल्या, जुन्या टबाचा आहे. नव्या टबात अर्धा किलो गांडुळांना आठवड्यातून दोनदा दोन-दोन मुठी द्या, बस.

माझा नियम एवढाच आहे की मागचं टाकलेलं ओळखू येत असेल तर नवीन टाकायचं नाही. साल ही साल म्हणून ओळखू आली, देठ देठ म्हणून दिसलं, तर अजून दोन दिवस थांबायचं. गांडुळं उपाशी मरत नाहीत, पुठ्ठा खातात, स्वतःचंच खत परत खातात, पण आंबलेल्या ढिगाखाली मात्र दोन दिवसांत मरतात. घरातला कचरा जास्त होत असेल तर उरलेला दुसरीकडे जिरवा, टब म्हणजे कचरापेटी नाही, आत जिवंत प्राणी आहेत.

देताना एका कोपऱ्यात खड्डा करून पुरायचं, वर तेवढाच किंवा दुप्पट कोरडा पुठ्ठा घालायचा, पुढच्या वेळी शेजारचा कोपरा. बारीक चिरून दिलं तर लवकर संपतं. आधी डीप फ्रीजरमध्ये ठेवून मग गारवा गेल्यावर दिलं तर आणखी लवकर, गोठल्याने पेशी फुटून मऊ पडतं.

घाण वास येतोय, काय करू?

चांगल्या टबाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आंबट किंवा नासका वास म्हणजे आत हवा नाही.

माझ्याकडे हे एकदा फार वाईट झालं होतं म्हणून सविस्तर सांगते. घरात खूप फळं आली होती, दीडेक किलो सालं एका दिवसात टाकली, वर झाकण लावून चार दिवस बघितलं नाही. पाचव्या दिवशी झाकण उचललं तर आतून वाफ आल्यासारखं, आंबलेला वास, आणि झाकणाच्या कडेला गांडुळांचे झुबके. खालची काही गांडुळं मण्यांच्या माळेसारखी झाली होती, एक फुगीर, एक बारीक, एक फुगीर, बोट लावलं तर तुटत होती. याला प्रोटीन पॉयझनिंग म्हणतात, आत आंबलेल्या अन्नाचा वायू होऊन अंग गाठीगाठीने फुगतं. ती वाचत नाहीत. मला फार वाईट वाटलं होतं, कारण चूक पूर्ण माझी होती, त्यांना जायला जागाच नव्हती.

तसं दिसलं तर लगेच न खाल्लेलं सगळं बाहेर काढा, झाकण उघडं ठेवा, टब हाताने हलकेच सैल करा म्हणजे हवा जाईल, भरपूर कोरडा फाडलेला पुठ्ठा मिसळा, अंड्याच्या टरफलांचं पीठ दोन-तीन चमचे भुरभुरा, आणि एका बाजूला नवीन ओलसर बेडिंगची पट्टी करा, जिवंत असलेली स्वतः तिकडे सरकतात. दहा दिवस खाणं बंद. चुना वगैरे टाकायच्या फंदात पडू नका, भाजून निघतील.

चिलटं झाली आहेत.

खाणं उघडं राहिलं की होतातच. ५ सेंटिमीटर खोल पुरा, वर ओलसर पुठ्ठ्याचा अख्खा तुकडा किंवा गोणपाट झाका, आठवडा-दीड आठवडा फळं बंद करा. फळांच्या सालींवर अंडी आधीच असतात, फ्रीजरमधून काढून दिलं तर ती मरतात. शेजारी वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब ठेवला तर उडणारी त्यात पडतात. टबात किंवा टबावर कीटकनाशक फवारायचं नाही, कधीच.

टबात दुसरे किडे दिसतात, ते काढायचे का?

बहुतेकांना राहू द्या, ते मदतीलाच आहेत. उडी मारणारे टाचणीएवढे पांढरे-राखाडी जीव म्हणजे स्प्रिंगटेल, बुरशी खातात. दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे बघून लोकांना वाटतं गांडुळांची पिल्लं झाली, पण ते पॉटवर्म, वेगळीच जात, खूप झाले तर टब ओला आणि आंबट झालाय एवढं समजायचं. पिल्लं पारदर्शक असतात आणि आतून लालसर रेघ दिसते, तेवढा फरक लक्षात ठेवा. माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीचे टिंबाएवढे किडे, फार वाढले तर पावाचा तुकडा किंवा टरबुजाची साल वर ठेवायची, ते त्यावर गोळा झाले की उचलून टाकायची.

राखाडी-तपकिरी, जाड, भागाभागांच्या अळ्या म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय. त्या गांडुळांना खात नाहीत पण अन्न झपाट्याने संपवतात आणि आत गरमी करतात, खाणं कमी करून पुरून दिलं की कमी होतात. काढून टाकायचंच तर गोम आणि चपटे बुळबुळीत फ्लॅटवर्म, हे दोन्ही गांडुळं मारून खातात.

मुंग्या लागल्या.

टब कोरडा पडलाय. ओल वाढवा, सुकलेले कोपरे मोडा, आणि टबाखालच्या विटा किंवा पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा.

खालच्या ताटात तपकिरी पाणी साचतं, तेच व्हर्मीवॉश ना?

नाही, आणि याच्यात खूप गोंधळ आहे. ताटात गळून आलेलं पाणी म्हणजे न कुजलेल्या अन्नातला रस, त्यात काय असेल सांगता येत नाही, कधीकधी ते रोपांना त्रासही देतं. वास नसेल तर दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांच्या मातीत ओता, पानांवर आणि खायच्या भाजीवर नको. वास येत असेल तर टाकून द्या. व्हर्मीवॉश म्हणजे गांडुळं भरपूर असलेल्या, नीट मुरलेल्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून खाली गोळा केलेलं. तयार खत पाण्यात भिजवून, हवा सोडून केलेला वर्मी टी हा आणखी तिसरा प्रकार. आणि ताटात सारखं पाणी येत असेल तर पुठ्ठा वाढवा, चांगल्या टबाचं ताट जवळजवळ कोरडं राहतं.

किती गरमी-थंडी चालते?

फेटिडाला १५ ते २५ अंश सेल्सिअस आवडतं. थंडीत ती मंदावतात, कमी खातात, पण गोठलं नाही तर तग धरतात, उन्हापेक्षा थंडीचा धोका कमी. ३० च्या वर चिडचिड सुरू होते आणि ३५ च्या पुढे मरायला लागतात. इथे बाहेरचं तापमान धरू नका, आतलं बघा, साधा मातीचा थर्मामीटर मिळतो, नसेल तर बोट घाला, कोमट लागलं तरी धोका. टबावर थेट ऊन कधीच पडू देऊ नका. गरमीच्या दिवसांत ओलं गोणपाट वर टाका, पाण्याची गोठवलेली बाटली वर आडवी ठेवा, खाणं निम्म्यावर आणा कारण अन्न कुजतानाही उष्णता निघते.

बाहेरगावी जायचंय, कुणाला सांगून जाऊ?

दोन-तीन आठवडे कुणी नसलं तरी चालतं. जायच्या आधी नेहमीएवढंच खाणं आणि वर जाड ओलसर पुठ्ठ्याचा थर. शेजाऱ्यांना काही सांगू नका, प्रेमाने जास्तच घालतात.

पिल्लं कशी होतात, नर-मादी वेगळे घ्यावे लागतात का?

नाही, प्रत्येक गांडुळात दोन्ही असतं, तरी साधारणपणे दोघं एकत्र यावी लागतात. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या भागात एक जाडसर पट्टा दिसतो, तिथूनच कोष तयार होतो. कोष बघायचा असेल तर पुठ्ठ्याच्या पन्हाळीत बघा, तो तांदळाच्या दाण्याहून लहान, एका टोकाला किंचित टोकदार, अगदी छोट्या लिंबासारखा. ताजा असताना पिवळसर, फुटायच्या वेळी तांबूस, आणि उजेडासमोर धरला तर आत लाल धागे वळवळताना दिसतात. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ हातात धरून उभी होते.

एका कोषातून बहुधा दोन-चार पिल्लं निघतात, तीन-चार आठवडे लागतात, आणि पिल्लू मोठं व्हायला साधारण दोन महिने. सगळं ठीक असेल तर दोन-तीन महिन्यांत संख्या दुप्पट होते. कायम वाढत राहतील अशी भीती नको, जागा आणि अन्न पुरेनासं झालं की ती स्वतःच कोष कमी घालतात.

कापलं गेलं तर दोन होतात का?

नाही. पुढचा भाग मोठा राहिला तर कधीकधी जगतो आणि शेपूट थोडं परत येतं. मागचा भाग मरतो. म्हणून खुरपं वापरू नका, हातानेच काम करा.

टब वॉशिंग मशीनजवळ ठेवला तर?

शक्यतो नको. चार्ल्स डार्विन यांनी घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून बरेच प्रयोग केले होते. बसून (bassoon) नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य जवळ वाजवलं तरी गांडुळांनी आवाजाची दखल घेतली नाही, पण त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर दाबला तर झटकन बिळात गेली. म्हणजे ऐकू येत नाही पण हादरा कळतो. रोज हादरे बसले तर ती अस्वस्थ राहतात. रात्री बघायचं असेल तर लाल उजेड वापरा, तो त्यांना फारसा जाणवत नाही.

खत तयार झालं कसं कळतं आणि गांडुळं वेगळी कशी करायची?

तीन-चार महिन्यांनी खालचा थर काळसर, चहाच्या ओल्या चोथ्यासारखा दाणेदार दिसतो, पुठ्ठा जवळजवळ दिसत नाही, वास मातीचा. तेव्हा काढा. जास्त वाट बघू नका, नुसत्या स्वतःच्या खतात गांडुळांची तब्येत बिघडते.

सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग म्हणजे दोन-तीन आठवडे फक्त एकाच बाजूला नवीन बेडिंग आणि खाणं देणं, बहुतेक गांडुळं तिकडे जातात आणि दुसरी बाजू उचलता येते. मला मात्र उजेडाची पद्धत आवडते, वेळ लागतो पण सगळा टब डोळ्यांखालून जातो. प्लास्टिकच्या कागदावर खताचे छोटे छोटे सुळके करायचे, वर दिवा, दहा मिनिटं थांबायचं, गांडुळं आत घुसतात, वरचं हलक्या हाताने काढून घ्यायचं, परत थांबायचं. शेवटी तळाला गांडुळांचा एक गोळा उरतो, तो लगेच नव्या बेडिंगमध्ये. कोष खताबरोबर जातात, म्हणून काढलेलं खत तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत ओलसर ठेवून मधोमध एक भोपळ्याची फोड ठेवा, नवी पिल्लं तिच्यावर येतात. चाळायचं असेल तर ५-६ मिलिमीटरची चाळणी, आणि खत किंचित सुकू द्या, फार ओलं असेल तर गोळे होतात.

पूर्ण वाळवू मात्र नका. कोरडं झालं की जिवाणू मरतात आणि परत पाणी पटकन शोषत नाही. कापडी पिशवीत, सावलीत, ओलसर ठेवा, हवाबंद डब्यात नको.

कुंडीत किती घालायचं? खतातून टोमॅटोची रोपं येतात ते कसं?

मातीच्या दहा ते वीस टक्के पुरे. नुसत्या गांडूळखतात रोप लावू नका, पाणी धरून ठेवतं आणि बऱ्याच रोपांना मानवत नाही. मोठ्या कुंडीला दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी वरून घालून पाणी दिलं तरी फरक दिसतो. टोमॅटो-मिरची-भोपळ्याच्या बिया जिवंत राहतात कारण हे खत तापत नाही. मी ती रोपं उपटत नाही, लावते.

हात लावताना काही काळजी?

हाताला जखम असेल तर हातमोजे, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनाही तीच सवय लावा. कोरडं खत उडवू नका, आधी पाणी शिंपडा. दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर मास्क लावा किंवा चाळायचं काम दुसऱ्याला द्या.

गांडुळं फार झाली, जंगलात सोडून देऊ का?

नका सोडू. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर स्थानिक गांडुळं जवळपास नव्हतीच, बाहेरून आलेल्यांनी तिथला जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकला आणि त्या थरावर जगणाऱ्या झाडाझुडपांचं नुकसान झालं. दुसरा टब सुरू करा किंवा ज्याला सुरू करायचाय त्याला द्या, सोबत टबातलं बेडिंगही द्या.

माझी सगळी मेली. टब फेकून देऊ?

आधी नीट बघा. मेलेलं गांडूळ एक-दोन दिवसांत विरघळून जातं, त्यामुळे दिसत नाही म्हणजे मेलीच असं नाही, कोपऱ्यात खाली असू शकतात. आणि खरोखर गेली असतील तरी कोष मोठ्या गांडुळांपेक्षा कणखर असतात. न खाल्लेलं, नासलेलं तेवढं काढा, नवीन पुठ्ठा मिसळा, ओल पिळलेल्या स्पंजसारखी करा, सावलीत ठेवा आणि किमान सहा आठवडे थांबा. चिमूटभर भोपळ्याचा गर एका जागी ठेवला की बघायला सोपं जातं.

एकदा काम चालू असताना मी टब हलवला आणि दुपारभर तो उन्हात राहिला, संध्याकाळी वरचा अर्धा थर हाताला गरम लागत होता आणि एकही गांडूळ जिवंत दिसलं नाही. तळाचा, भिंतीकडच्या सावलीतला कोपरा तेवढा गार होता. तो तसाच बादलीत काढून ठेवला, रोज न उघडता आठवड्यातून एकदा बघायचं ठरवलं. पाचव्या आठवड्यात भोपळ्याच्या तुकड्याखाली सुईएवढे दोन पारदर्शक धागे होते, आत लाल रेघ असलेले, आणि शेजारच्या पुठ्ठ्याच्या पन्हाळीत आणखी तीन.